हाडूक सापडलं, गाठ राहून गेली

माणसांच्या दवाखान्यात बाकावर बसलं की शेजारचा निदान "काय होतंय?" असं विचारतो आणि तुमचं उत्तर संपायच्या आत स्वतःचं दुखणं सुरू करतो. जनावरांच्या दवाखान्यात शेजारी शेळी असते. ती काही विचारत नाही. तिचा मालकही विचारत नाही, कारण तो शेळीच्या पोटाकडं बघत असतो. मी त्या बाकावर जवळजवळ तीन महिने बसलो आणि मला एकच वाटत राहिलं, की ह्यातनं गेलेलं कुणीतरी भेटावं. कुणी भेटलं नाही. म्हणून हे लिहितोय. ह्यात औषधांची नावं सापडणार नाहीत, ती मला तेव्हाही पाठ झाली नव्हती. माझ्या चुका मात्र सापडतील, अगदी क्रमानं.

पेशंटचं नाव सरपंच. नऊ वर्षांपूर्वी माझी मुलगी श्रेया कॉलेजच्या पिशवीतनं पिल्लू घेऊन आली तेव्हा तिनं त्याचं नाव काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं. पण हा पठ्ठ्या रोज सकाळी गल्लीच्या तोंडावरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा, कुठं भांडण लागलं की मध्ये जाऊन उभा राहायचा आणि कुणाचंच ऐकून घ्यायचा नाही. मग गल्लीनंच नाव बदललं. केसपेपरवर अजून तसंच आहे : सरपंच मगदूम, नर, वय नऊ.

मगदूम म्हणजे आम्ही. घरात मी, बायको सुरेखा, श्रेया आणि माझी आई. आईला सगळी गल्ली आक्का म्हणते. आक्काचं वय अठ्ठ्याहत्तर, माहेर कुरुंदवाडचं, घर जैन. बिस्किटाच्या पाकिटावर बारीक अक्षरात अंडं लिहिलंय का, हे ती भिंग घेऊन बघते.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कास्टिंग तपासतो. वरनं चकचकीत दिसणाऱ्या लोखंडात आत कुठं पोकळ राहिलंय ते शोधायचं, ह्याचा मला सव्वीस वर्षं पगार मिळतोय. घरच्या कुत्र्याच्या पोटात गाठ वाढत होती, ती दिसली नाही.

आणि आता ती गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती लपवल्यामुळंच पुढचं सगळं बिघडलं. दर बुधवारी दुपारी मी कारखान्याजवळच्या खानावळीत मटणाचं ताट खातो. ताटातली हाडं कागदात बांधून आणतो आणि संध्याकाळी घराच्या मागच्या मोकळ्या जागेत सरपंचाला घालतो. चातुर्मासात मी सोडतो, अगदीच काही धर्म बुडवलेला नाही. माझ्याबरोबर तोही बिचारा चार महिने सोडायचा. हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

*

सुरुवात साधी होती. आठवड्यातनं एकदा ओकायचा. मग दोनदा. जेवण तेवढंच, पण फासळ्या दिसायला लागल्या. डॉक्टर मॅडमनी जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं. थोडं बरं वाटलं, परत तेच. एका शनिवारी सकाळपासून सारखा कुंथत होता, म्हणून आम्ही तिघं त्याला रिक्षात घालून घेऊन गेलो. तिघं म्हणजे मी, सुरेखा आणि आक्का. आक्काला घरी थांब म्हटलं तर म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

एक्स-रे काढला. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे पांढरं दिसतंय ना, हाडूक आहे. एक तुकडा आतड्यात अडकलाय, बाकी चुरा आहे. हाडं खातो का हा नेहमी?"

आक्का खुर्चीतनं उठलीच. "बाई, आम्ही जैन. आमच्या घरात अंडं येत न्हाय, हाडूक कुठलं यायला?"

"म्हणजे पहिल्यांदाच खाल्लंय?"

"कुणीतरी घातलंय. शेजारी मेहबूब हाय, हा दिवसभर तिथंच पडलेला असतोय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. सुरेखानं माझ्याकडं बघितलं. टेबलावर आडव्या पडलेल्या सरपंचानंही बघितलं, आणि त्याची नजर मला अजून आठवते. खरं बोलायला तेवढा एक क्षण होता.

"असेल," मी म्हणालो.

मॅडमनी केसपेपरवर लिहिलं : सवय नसताना हाड खाल्लं. आमच्या सगळ्या दुःखाचं कारण त्या एका ओळीत आहे. मला ते तेव्हा कळलं नाही, एवढंच.

*

मेहबूब हा आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. पुढच्या खोलीत मशीन टाकून गाड्यांची सीटकव्हरं शिवतो. आम्ही बरोबरीचे, वीस वर्षं शेजारी. तो मला नुसतं 'मगदूम' म्हणतो आणि अरेतुरे करतो. माझ्या स्कूटरची सीट त्यानं तीनदा शिवून दिली आणि तिन्ही वेळा माझ्या वजनावर बोलला.

दवाखान्यातनं आल्या आल्या आक्का त्याच्या दारात गेली. मी मागं स्कूटर लावत होतो. ती आधीच लावलेली होती, तरी परत लावत होतो.

"मेहबूब, मुक्या जनावराला हाडूक घातलंस व्हय रं?"

मशीन थांबलं. "कुणी, मी? आक्का, नऊ वर्षं झाली, खारीशिवाय ह्याला काय दिलं न्हाय. तुमच्या घरचा म्हणून. बकरी ईदला मी स्वतः ह्याला तुमच्या दारात आणून बांधून जातो, म्हटलं तुमचा नेम मोडायला नको. विचार की मगदूमला."

"त्योच म्हणाला, असंल म्हणून."

आक्काच्या खांद्यावरनं मेहबूबनं माझ्याकडं बघितलं. स्टँड लावायला इतका वेळ मला आयुष्यात कधी लागला नव्हता.

"बरं," तो म्हणाला आणि परत मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवसापासनं त्याचं खालचं अर्धं दार बंद. सरपंच जायचा, पंजानं खरवडायचा, थोडा वेळ उभा राहायचा आणि परत यायचा. रोज. मी खिडकीतनं बघायचो आणि पडदा सारखा करायचो.

मी सांगायला पाहिजे होतं. पण काय असतं, की एकदा गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी 'काल का बोलला नाहीस?' हा प्रश्न वाढतो. तिसऱ्या दिवशी आणखी एक. आठवड्यानं मूळ गोष्ट बारीक दिसते आणि गप्प बसणंच मोठं होऊन बसतं.

*

हाडूक औषधानं तिसऱ्या दिवशी निघालं. मी काडी घेऊन स्वतः तपासलं, नोकरीतलं कौशल्य असं कामाला आलं. घरात आनंद झाला. मॅडमही म्हणाल्या, आता महिनाभर सांभाळा, हलकं खायला द्या.

आणि मग मी सांभाळायला लागलो. अपराधी माणूस पथ्य सांभाळायला लागला की घरच्यांची धडगत नसते. फ्रिजवर तक्ता लावला. मऊ भात, ताक, उकडलेला भोपळा. श्रेयाच्या हातातनं बिस्किट काढून घेतलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही वॉर्डन झालायसा."

वाईट म्हणजे ह्या सगळ्यानं त्याला काडीचा फरक पडत नव्हता. उलट वजन उतरतच होतं. शी काळी पडायला लागली, ती मी टॉनिकमधल्या लोहाच्या खात्यावर टाकली. ते आतलं रक्त होतं, हे नंतर कळलं. दुपारी तो असा ढिला पडायचा, की हाक मारली तर नुसती शेपूट एकदा आपटायचा. मॅडमना फोन केला की त्या विचारायच्या, "परत हाडूक मिळालं नाही ना?" आणि मी म्हणायचो, "नाही नाही." हे मात्र खरं होतं. त्यामुळं मला प्रामाणिक असल्यासारखं वाटायचं.

सल्ले देणारे रोज होते. पोट बांधा म्हणाले, पोट मोकळं करा म्हणाले. कारखान्यात सुट्टीचा अर्ज दिला तर साहेबांनी विचारलं, "घरी कोण आजारी?" कुत्रं म्हटल्यावर त्यांनी अर्जाकडं आणि माझ्याकडं असं बघितलं, की दोन्ही रिजेक्ट.

अशात एका दुपारी आक्काला रंगेहाथ पकडलं. ती पडवीत बसून सरपंचाला गुळाचा खडा भरवत होती.

"आक्का! काय करायलीस?"

"एवढासा तर हाय. ढिला पडला की देतो. दिला की उठतोय बघ."

"गूळ बंद. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी गुळाबद्दल काहीही सांगितलं नव्हतं. मला स्वतःला साखरेचा आजार आहे. गोड म्हणजे विष, एवढंच माझं वैद्यकशास्त्र, आणि ते मी कुत्र्याला लावलं. गुळाची ढेप उचलून माळ्यावर ठेवली. आक्काचा चहासुद्धा मी त्या दिवसापासनं शिडी लावून गोड करायचो.

*

पाचव्या दिवशी सकाळी सरपंच अंगणात पडला. आधी पाय लटपटले, मग एका अंगावर कोसळला आणि चारही पाय सायकल मारल्यासारखे हलवायला लागला. डोळे उघडे, पण आमच्यातलं कुणी त्या डोळ्यांना दिसत नव्हतं. सुरेखा त्याचं डोकं धरून बसली. मी "सरपंच, सरपंच" करत त्याच्याभोवती फिरत होतो. कुणाला उपयोग झाला असेल तर सांगा.

श्रेयानं मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकला. "घरात मध असेल तर हिरड्यांना चोळा," मॅडम म्हणाल्या, "गिळायला काही देऊ नका, आणि लगेच घेऊन या."

मध आमच्या घरात कुठला? मध जैनांना वर्ज्य. मी तसाच उभा राहिलो.

"गूळ खाली काढ!" आक्का ओरडली. "वर ठेवलायस न्हवं, काढ आता!"

शिडी लावली, ढेप काढली. आक्कानं बोटानं गूळ पाण्यात कालवला आणि त्याच्या हिरड्यांना चोळत राहिली. थोड्या वेळानं पाय थांबले. डोळ्यांत कुणीतरी परत आलं. त्यानं आक्काचं बोट चाटलं.

दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर अगदी तळाला गेलेली. मॅडम बुचकळ्यात पडल्या. "आधी कधी असं झालं नव्हतं?"

"ढिला पडायचा," आक्का म्हणाली. "मी गूळ देत होतो. आधी आठवड्यातनं एखाद्या बारीला, मग रोज, मग दोन येळ. ह्यानं बंद केला पाच दिवसांमागं."

"किती दिवस देत होता?"

"तीन महिने झालं असतील."

मॅडम खुर्चीत टेकल्या. "आजी, तुम्हीच ह्याला उभा ठेवलाय." मग त्यांनी केसपेपरची पानं मागं उलटली आणि माझ्याकडं वळल्या. "म्हणजे हा हाडूक अडकायच्या कितीतरी आधीपासनं आजारी आहे. मला आता नीट सांगा. हाड खरंच पहिल्यांदा खाल्लं होतं?"

शेजारी आक्का. समोर सुरेखा. टेबलावर तो, पायाला सलाईन लावलेला.

"नाही," मी म्हणालो. "दर बुधवारी खातो. नऊ वर्षं."

"कोण देतं?"

"मी."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जुनी ओळ खोडली, नवी लिहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "नऊ वर्षं पचणारं हाडूक आत्ताच का अडकलं, हा प्रश्न मी पाच आठवड्यांपूर्वी विचारला असता."

म्हणून सांगतो, डॉक्टरांना सगळं सांगा. घरच्यांना लाजत असाल तर त्यांना बाहेर बसवा, पण सांगा. कुत्रं स्वतः सांगू शकत नाही. त्याच्या तोंडचं आपण बोलायचं असतं, आणि मी माझ्या तोंडचं बोलत बसलो.

बाहेरच्या व्हरांड्यात आक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्याला नऊ वर्षं. आणि तू किती वर्षं खातोस?"

"सव्वीस."

"म्हणजे नोकरीला लागलास तवापासनं."

"व्हय."

"खाल्लास ते तुझं तू बघ. तुझा कर्मबंध तुझ्यापाशी. पर मी मेहबूबचं नाव घेतलं तवा तू गप का बसलास? मी त्याच्या दारात जाऊन बोलून आलो की रं. अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणावर आळ घेतला न्हवता मी."

 

*

सोनोग्राफी. ह्या शब्दाची मला अजून चीड येते. जनावरांची सोनोग्राफी करणारे डॉक्टर आमच्या दवाखान्यात मंगळवारी आणि शुक्रवारीच यायचे. मंगळवारी गेलो तर लाईट नव्हती. शुक्रवारी लाईट होती, पण पोट रिकामं पाहिजे, आणि पोट रिकामं ठेवलं की साखर उतरून झटका यायची भीती. म्हणजे एका डॉक्टरांना उपाशी पाहिजे, दुसऱ्या डॉक्टरांना खाल्लेला पाहिजे, आणि मध्ये तो. शेवटी सलाईनमधनं साखर देत देत पुढच्या मंगळवारी नंबर लागला. पोटावरचे केस काढले. सरपंचाला ते अजिबात आवडलं नाही, त्यानं मान वळवून भिंतीकडं बघितलं.

गाठ होती. लहान आतड्याच्या भिंतीत, मोठ्या लिंबाएवढी. हाडूक बरोबर तिथंच अडकलं होतं, कारण वाट अरुंद झाली होती. आम्ही वाटेतला दगड काढून खूश झालो आणि वाट कुणी अडवलीय ते बघितलंच नाही.

मॅडमनी कागदावर नळी काढून समजावलं. आतड्यात एक स्नायू असतो, आपण न सांगता अन्न पुढं ढकलणारा. त्याचीच ही गाठ असावी. स्मूथ मसल ट्यूमर म्हणतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत निघते. कधीकधी ती असं काहीतरी सोडते, की शरीराला वाटतं इन्शुलिनच आलं, आणि साखर खाली जाते. साधी असेल तर काढली की संपलं. वाईट असेल तर परत येऊ शकते. कुठली ते काढून तपासल्यावरच कळणार.

"एवढ्या अशक्त जनावराला भूल सोसेल?" सुरेखानं विचारलं.

"त्या पाच आठवड्यांआधी जास्त सोसली असती," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते मला टोचायला म्हटलं नव्हतं. पण मला ते टोचायलाच आलं.

*

ऑपरेशन तीन तास चाललं. आक्का बाकावर डोळे मिटून णमोकार म्हणत होती. तिच्या एका बाजूला शेळीवाला होता, दुसऱ्या बाजूला मी. ती शेळीवाल्याच्या बाजूला जरा सरकून बसली होती.

मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, "निघाली. दोन्ही बाजूचं चांगलं आतडं घेऊन पूर्ण काढली. आता पाच दिवस टाके धरले पाहिजेत." मी मागं न बघता बसायला गेलो आणि शेळीवर बसता बसता वाचलो.

पाच दिवस तो तिथंच होता. सकाळी आठ ते नऊ, संध्याकाळी पाच ते सहा भेटायची वेळ. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा मोठा कर्णा. दर थोड्या वेळानं कानाला टोचून साखर बघायची. तिथं झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. आम्ही निघताना सरपंच रडायचा, आणि दुसऱ्या दिवशी मावशी सांगायच्या, "गेल्यावर गप झाला हो लगेच." पुढं मॅडमकडनं कळलं, की तो गप व्हायचा नाही. मावशीच झाडू बाजूला ठेवून त्याच्या पिंजऱ्याशी बसून राहायच्या. त्या खोट्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. माझ्या खोट्याशेजारी ठेवलं तर लाज वाटते.

घरात आक्का माझ्याशी बोलत नव्हती. सरपंच घरी आल्यावर ती त्याच्यामार्फत बोलायला लागली. "सरपंच, त्याला म्हणावं भात निवतोय." "सरपंच, त्याला सांग, टाके ओढतील असं उचलू नको." सरपंच कर्ण्यातनं माझ्याकडं बघायचा. निरोप पोचायचा.

सुरेखा बोलत होती, पण फक्त बुधवारी जरा जास्त. "आज डबा नेणार का बाहेर जेवणार?" एवढंच विचारायची. मी डबा न्यायचो.

आक्का मेहबूबकडं स्वतः जाऊन आली. मला कुणी सांगितलं नाही, मी भिंतीपलीकडनं ऐकलं. ती म्हणाली, "चुकलं माझं, मेहबूब." तो म्हणाला, "आक्का, तुम्ही कशाला? बसा, चहा टाकतो." मग आतनं कपबशीचा आवाज आला. मी भिंतीला कान लावून उभा होतो, वय वर्षं त्रेपन्न.

मी त्याच्याकडं जायचं ठरवत होतो. ऑपरेशन होऊ दे म्हटलं. टाके निघू देत म्हटलं. रिपोर्ट येऊ दे म्हटलं.

*

रिपोर्टनं बावीस दिवस खाल्ले. बरणीत घातलेला तुकडा बाहेरगावच्या लॅबला गेला, सुट्ट्या आल्या, बरणी कुठंतरी अडकली. मी रोज फोन करायचो.

"पेशंटचं नाव?"

"सरपंच."

"पद नको, नाव सांगा."

"सरपंच मगदूम."

"वय?"

"नऊ."

"थांबा हं, साहेबांना देते."

बावीस दिवस आम्ही त्याच्याकडं दोन नजरांनी बघत होतो. तो खायला लागला होता. साखर जागेवर आली होती. वजन भरत होतं. आणि तरी त्यानं एखादा घास सोडला की घरातलं कुणीतरी उठून बाहेर जायचं. बरं दिसणाऱ्या जनावराला घाबरत राहणं हे आजारी जनावराला सांभाळण्यापेक्षा अवघड आहे, ह्याची तयारी ठेवा. ह्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट आला. वाईट जातीची निघाली. पण कडा स्वच्छ आहेत, म्हणजे जिथं कापलं तिथं गाठीचा अंश नाही, आणि वाढ संथ.

"म्हणजे बरा झाला का नाही?" मी विचारलं.

"आज बरा आहे. परत येऊ शकते, न येऊही शकते. दर तीन महिन्यांनी बघायचं."

"पण साधारण?"

"साधारण असं काही नसतं, मगदूम. काही कुत्री काही महिने जगतात, काही दोन-तीन वर्षं, काही म्हातारपणानं जातात."

आमच्या कामात तुकडा ओके असतो नाहीतर रिजेक्ट. 'बघू' असा शिक्का आमच्याकडं नाही. मॅडमकडं तोच एक शिक्का आहे. आणि ह्यात सगळ्यात छळणारा प्रश्न मी त्यांना विचारला नाही, कारण त्याचं उत्तर त्यांच्याकडं नाही आणि कुणाकडंच नाही : त्या पाच आठवड्यांनी किती फरक पडला? कदाचित काहीच नाही. कदाचित सगळाच. गाठ परत आली तर मला ते कळणार नाही, आणि नाही आली तरी कळणार नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं. श्रेया रडली. आक्कानं ऐकून घेतलं आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा थेट माझ्याकडं बघून बोलली.

"रिपोर्ट आला न्हवं?"

"आला."

"मग आता कशाला थांबलायस?"

*

रविवारी सकाळी सरपंचाच्या गळ्यात पट्टा घातला आणि शेजारी गेलो. दहा पावलांचं अंतर. मेहबूब मशीनवर होता, मांडीवर लाल रेक्झिन. खालचं अर्धं दार लावलेलं.

मान वर करून त्यानं मला बघितलं. "या पावणं," तो म्हणाला. "काय काम काढलंसा?"

वीस वर्षांत ह्या माणसानं मला कधी पावणं म्हटलं नव्हतं. रस्ता विचारायला आलेल्या माणसाला म्हणतात तसं म्हणाला. मी घरनं सगळं घोकून आणलं होतं, ते तिथंच गळालं.

"हाडं मी घालत होतो," मी म्हणालो. "तुझं नाव निघालं तेव्हा मी गप्प बसलो."

"म्हाईत हाय. आक्का सांगून गेल्या."

"मी यायला उशीर केला."

"व्हय," मेहबूब म्हणाला. "आक्का अठ्ठ्याहत्तरच्या, गुडघं दुखत्यात, त्या आल्या. तुम्हाला दोन-अडीच म्हैनं लागलं."

आपल्याला वाटतं, माफी मागितली की समोरचा काहीतरी म्हणेल, 'जाऊ दे' म्हणेल. तो रेक्झिनची शिवण नखानं सारखी करत राहिला.

सरपंच मात्र दारावर पंजा ठेवून उभा होता. मेहबूब उठला, अर्धं दार उघडलं. सरपंच आत गेला, मशीनच्या पायडलशेजारी दोनदा गोल फिरला आणि आडवा झाला. पट्टा माझ्या हातातनं कधी सुटला ते कळलं नाही. मेहबूब खाली वाकला, पोटावरच्या टाक्यांच्या जागी हलकेच बोट फिरवलं. तिथं केस अजून पुरते आले नव्हते.

"लय कापलंय की रं तुला," तो म्हणाला. मग त्याच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि माझ्या हातात दिला. "ह्यानं काय खायचं, काय न्हाय?"

"खारी चालते. एखादी."

"बरं. संध्याकाळी आणून सोडतो. तुम्ही जावा."

त्यानं दार लावून घेतलं. वरचं नाही, खालचं अर्धंच, सरपंच बाहेर येऊ नये म्हणून.

मी पट्टा घेऊन घरी आलो. आक्का पडवीत बसली होती. तिनं आधी पट्ट्याकडं बघितलं, मग माझ्या मागं.

"सरपंच?"

"त्याला ठेवून घेतलं."

"तुला बस म्हणाला न्हाय?"

"न्हाय."

आक्कानं मान हलवली. बरोबर केलं त्यानं, अशी हलवली.

"उद्या परत जातो," मी म्हणालो.